पर्यावरणशास्त्राची पदवी : तीन वर्षांचा अभ्यास कसा आंखावा

गतमासीं या सदरांत मुलांच्या हस्ताक्षराविषयीं चार शब्द लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांचा परामर्श पुढें केव्हां तरी घेऊं. या खेपेचा विषय एका निराळ्याच पत्रानें सुचविला आहे. बोईसर येथील एका एकत्र कुटुंबांतील कर्त्या गृहस्थांनीं तें लिहिलें आहे. त्यांच्या ज्येष्ठ बंधूंची कन्या विज्ञान शाखेंतून बारावीची परीक्षा चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झाली असून तिला पर्यावरणशास्त्र घेऊन पदवी मिळवावयाची आहे. घरांत याविषयीं एकमत नाहीं. आजोबांना हा विषय म्हणजे झाडें लावण्याचा एक उपक्रम वाटतो. वडिलांना नोकरीची विवंचना आहे. आणि पत्रलेखक काका तारापूरच्या औद्योगिक वसाहतींतील एका रासायनिक कारखान्यांत वीस वर्षें काम करीत असल्यामुळें त्यांनीं आपली अडचण मोकळ्या मनानें लिहिली आहे. ते म्हणतात : "ज्या धुराड्यावर आमची चूल पेटते, त्याच धुराड्याविरुद्ध साक्ष देण्याची विद्या पोरीनें शिकावी काय? आणि शिकावयाचीच असेल, तर तीन वर्षांत नेमकें काय काय शिकावें, हें आम्हांस कोणी सांगत नाहीं."

प्रश्न दोन आहेत, आणि दुसऱ्याचें उत्तर दिल्यावांचून पहिल्याचें देतां येणार नाहीं. ही विद्या काय आहे हें एकदां नीट समजलें, म्हणजे ती घरावर उलटेल कीं घराच्या कामीं येईल याचा विचार करणें सोपें जाईल.

प्रथम शब्दच घेऊं. 'परि' म्हणजे सभोंवार आणि 'आवरण' म्हणजे वेष्टन. आपणांस चोहों बाजूंनीं जें वेढून राहिलें आहे तें पर्यावरण. हवा, पाणी, माती, वनस्पति व प्राणी हीं तर त्यांत आलींच. परंतु शेजारचा माणूस, त्याचा बाजार, त्याचे कायदे आणि त्याच्या चालीरीति यांचाहि वेढा आपल्याभोंवतीं असतोच. म्हणून महाविद्यालयांच्या माहितीपत्रकांत या विषयाचीं दोन रूपें दिसतात. एक पर्यावरणविज्ञान, त्याचा ओढा प्रयोगशाळेकडे. दुसरें पर्यावरण-अध्ययन; त्यांत विज्ञानाच्या जोडीला अर्थशास्त्र, कायदा, भूगोल व समाजशास्त्र येतें. नांवें सारखीं असलीं तरी पुढील वाटा भिन्न आहेत, आणि प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वीं पहिला निर्णय हाच करावयाचा आहे. माझें मत विचाराल, तर ज्या मुलीनें बारावीपर्यंत विज्ञान घेतलें आहे तिनें विज्ञान मुख्य ठेवावें व अध्ययनाचे विषय जोडीस घ्यावे. कायदा व अर्थशास्त्र मागाहून पुस्तकें वाचून पुष्कळसें भरून काढतां येतें. रसायनशास्त्र मात्र घरीं बसून येत नाहीं, त्याला परीक्षानळी हातीं धरावी लागते.

हा विषय पदवीच्या वर्गांत कसा शिरला, त्याची हकीकत जाणून घेण्याजोगी आहे. वकील एम. सी. मेहता यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें २२ नोव्हेंबर १९९१ रोजीं निर्णय दिला, त्यांत पर्यावरण हा विषय शिक्षणांत सक्तीचा करण्याविषयीं आदेश होता. पुढें विद्यापीठ अनुदान आयोगानें एक तज्ज्ञ समिति नेमून सर्व शाखांच्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांकरितां सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सिद्ध केला. त्याचें पाठ्यपुस्तक पुण्याच्या भारती विद्यापीठांतील पर्यावरण-शिक्षण संस्थेचे एरच भरुचा यांनीं लिहिलें. तें २००४ सालीं प्रसिद्ध झालें. अभ्यासक्रमाचे घटक आठ, व्याख्यानें पन्नास, गुण शंभर. पैकीं पंचाहत्तर लेखी परीक्षेस व पंचवीस क्षेत्रकार्यास. क्षेत्रकार्यांत काय करावयाचें, तेंहि स्पष्ट लिहिलें होतें : जवळची नदी, वन किंवा डोंगर पाहून त्याची नोंद करणें, जवळचें एखादें दूषित झालेलें स्थळ पाहणें, आणि परिसरांतील सामान्य वनस्पति, कीटक व पक्षी ओळखणें. योजना उत्तम होती. परंतु कित्येक ठिकाणीं तिचें काय झालें तें शिक्षकवर्गाला ठाऊक आहे. मागील वर्षीची वही उतरून काढावयाची, बाजारांतून चित्रें आणून चिकटवावयाचीं आणि पंचवीसांपैकीं बावीस गुण पदरांत पाडून घ्यावयाचे! नदी गांवाजवळून वाहत राहिली आणि विद्यार्थी तिच्याविषयींचा उतारा उतरीत राहिला.

तो अभ्यासक्रम सर्वांसाठीं होता. आपली कन्या तर याच विषयाची पदवी घेऊं म्हणते. तेव्हां तिची आंखणी अधिक काळजीपूर्वक व्हावयास हवी. आयोगानें डिसेंबर २०२२ मध्यें जी रचना जाहीर केली, तींत तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० व चार वर्षांच्या पदवीस १६० श्रेयांक सांगितले आहेत. व्याख्यानांचा एक श्रेयांक म्हणजे सत्रांत पंधरा तास. प्रयोगशाळेचा किंवा क्षेत्रकार्याचा एक श्रेयांक म्हणजे तीस तास. मुख्य विषय, गौण विषय, ऐच्छिक विषय आणि कौशल्याचे विषय असे त्यांचे वांटे असतात. कोठें कोणता विषय मिळतो हें महाविद्यालयागणिक बदलतें; परंतु हिशेब पालकांनीं स्वतः करून पाहावा. १२० पैकीं २० श्रेयांक जरी प्रयोग व क्षेत्रकार्य यांकडे गेले, तरी सहाशें तास होतात. हे सहाशें तास खरोखर खाडीकांठीं, विहिरीवर व प्रयोगशाळेंत गेले, तर ती पदवी. कागदावर गेले, तर तें केवळ प्रमाणपत्र.

आतां क्रम. आपल्या न्यायशास्त्रकारांनीं ज्ञानाचीं साधनें सांगतांना प्रत्यक्षास अग्रस्थान दिलें, नंतर अनुमान, मग उपमान, आणि शेवटीं शब्द म्हणजे अधिकारी पुरुषाचें वचन. तीन वर्षांच्या अभ्यासाला याहून चांगला आराखडा मला सुचत नाहीं. पहिल्या वर्षीं पाहावयास व मोजावयास शिकावें. दुसऱ्या वर्षीं मोजलेल्यावरून अनुमान काढावयास व एका स्थळाची दुसऱ्याशीं तुलना करावयास शिकावें. तिसऱ्या वर्षीं कायदे, अहवाल व निकाल वाचून त्यांचा कस लावावयास शिकावें. आजकाल पुष्कळ ठिकाणीं हा क्रम उलटा होतो. पहिल्याच सत्रांत पृथ्वीच्या तापमानावर निबंध लिहिला जातो. आणि घरच्या विहिरीचें पाणी खारें कां झालें हें मात्र पदवी मिळाली तरी सांगतां येत नाहीं.

पहिल्या वर्षीं रसायनशास्त्र, जीवशास्त्र, भूगर्भशास्त्र आणि संख्याशास्त्र हे चार पाय पक्के करावे. रसायनशास्त्राचें महत्त्व एका उदाहरणानें सांगतों. सांडपाण्याची परीक्षा करतांना दोन मापें घेतात. बी. ओ. डी. म्हणजे पाण्यांतील सूक्ष्म जीव त्यांतील घाण खातांना किती प्राणवायु वापरतात तें माप. आपल्याकडील प्रमाण पद्धतींत नमुना बाटलींत भरून तीन दिवस २७ अंश उष्णतेवर अंधारांत ठेवतात व आधीं आणि नंतर किती प्राणवायु होता तें पाहतात. सी. ओ. डी. म्हणजे तीच घाण तीव्र आम्ल व डायक्रोमेट यांच्या साह्यानें रासायनिक रीतीनें जाळावयास किती प्राणवायु लागेल तें माप. घरच्या मोरीच्या पाण्यांत दोन्ही मापांत फारसें अंतर नसतें, कारण उष्ट्या-खरकट्यावर सूक्ष्म जीव सुखानें जगतात. परंतु ज्या पाण्याचा सी. ओ. डी. भारी आणि बी. ओ. डी. अगदीं थोडा, त्यांत अशी कांहीं द्रव्यें आहेत कीं जीं सूक्ष्म जीवांना पचत नाहींत. रंग, औषधें व त्यांचे घटक बनविणाऱ्या वसाहतींत हें वरचेवर घडतें. सामुदायिक शुद्धीकरण केंद्राचें मुख्य काम याच सूक्ष्म जीवांवर चालत असल्यामुळें न पचणारें पाणी तेथें कितीहि पाठविलें, तरी तें बव्हंशीं जसेंच्या तसें पुढें जातें. एवढें ज्या विद्यार्थिनीस कळलें, तिला तारापूरच्या प्रश्नाची एक किल्ली हातीं लागली. ज्याला हें कळलें नाहीं, तो एक तर कारखान्यांना शिव्या देईल, नाहीं तर केंद्राच्या इमारतीचें छायाचित्र पाहून समाधान मानील.

भूगर्भशास्त्र कशाला, असें कोणी विचारील. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या पट्ट्यांत धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे धक्के सुरू झाले व लोकांना थंडीच्या रात्री घराबाहेर काढाव्या लागल्या, हें या भागांतील वाचक विसरले नसतील. आपण कोणत्या खडकावर उभे आहों हें ठाऊक असणें ही काय चैनीची वस्तु आहे? भौतिकशास्त्राचाहि थोडा परिचय हवा. तारापूरच्या अणुविद्युत् केंद्राच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ सालीं चालू झाल्या. तिसरी व चौथी, प्रत्येकी ५४० मेगावॉटची, २००५-०६ सालीं. या दुसऱ्या जोडीसाठीं अक्करपट्टी व पोफरण येथील कुटुंबांना गांव सोडावें लागलें. इतकीं वर्षें शेजार असून प्रारणाविषयीं आपल्या ओटीवर काय बोलतात? एक पक्ष म्हणतो, सर्व भयंकर आहे. दुसरा म्हणतो, कांहींच नाहीं. निसर्गतःच माणसाला जगांत सरासरीनें वर्षास सुमारें २.४ मिलिसिव्हर्ट प्रारण मिळतें, आणि अणुकेंद्रामुळें सामान्य जनतेस मिळणाऱ्या जादा प्रारणाची मर्यादा वर्षास एक मिलिसिव्हर्ट ठरविली आहे. हे दोन आंकडे व त्यांचें एकक समजलें, म्हणजे ओटीवरची चर्चा निदान मापाच्या भाषेंत तरी होऊं लागेल.

याच वर्षीं मोजण्याची संवय लागावी. आपल्या पूर्वजांना ही संवय होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत कोठारामध्यें एक अरत्नि, म्हणजे चोवीस अंगुळें, तोंडाचें कुंड पाऊस मोजण्यासाठीं ठेवावें असें सांगितलें आहे. मुलीनें घराच्या अंगणांत एक पर्जन्यमापक बसवावा व चारी महिने रोज सकाळीं ठराविक वेळीं नोंद करावी. विहिरीच्या पाण्याची पातळी दर पंधरवड्यास दोरीनें मोजावी. खर्च नाहींसा, पण तीन वर्षांची अखंड नोंद म्हणजे एक धनच आहे, आणि या कामांत आजोबांनाहि सहभागी करून घेतां येईल. झाडें लावण्याचा उपक्रम म्हणून ते ज्याला हंसतात, त्याचा हिशेब तेच रोज लिहूं लागतील.

दुसऱ्या वर्षीं परिसंस्थाविज्ञान, जलशास्त्र, मृत्तिकाशास्त्र, नकाशावाचन व संगणकावरील नकाशाविद्या हे विषय घ्यावे. केळवें-माहीमच्या वाड्या व पानमळे ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांना जलशास्त्राची गोडी सहज लागेल. समुद्रकांठीं गोडें पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतें. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून एक फूट वर असेल, तर त्याखालीं सुमारें चाळीस फूट खोलपर्यंत गोडें पाणी असतें, कारण खारें पाणी किंचित् जड आहे. याचा उलटा अर्थ असा कीं, पंपानें उपसून पातळी एक फूट उतरविली, तर खारें पाणी खालून चाळीस फूट वर येऊं पाहतें. रहाटाचें युग जाऊन पंपाचें युग आल्यावर किनाऱ्यावरील विहिरी कां मचूळ होतात, त्याचें एक मोठें कारण या साध्या त्रैराशिकांत आहे. आणि जिल्ह्याच्या पूर्वभागीं पाहिलें, तर प्रश्न निराळा. सूर्या नदीवरील धामणी धरण शेतीच्या पाण्यासाठीं योजिलें होतें. पुढें त्याचेंच पाणी वसई-विरारसाठीं दररोज १८५ आणि मीरा-भाईंदरसाठीं २१८ दशलक्ष लिटर नेण्याची योजना झाली. एका बाजूस तहानलेलीं शहरें, दुसऱ्या बाजूस धरणाच्या उशाशीं राहणारे आदिवासी शेतकरी. यांत जलशास्त्र किती व न्याय किती, हें ओळखतां येणें हेंच पर्यावरण-अध्ययन. म्हणून या वर्षीं अर्थशास्त्राचा किंवा समाजशास्त्राचा एक विषय जोडीस घ्यावाच, आणि सुट्टींत गोदावरी परुळेकर यांचें 'जेव्हा माणूस जागा होतो' हें पुस्तक वाचावें. ज्या भूमीच्या पाण्याचा अभ्यास करावयाचा, त्या भूमीवरील वारली माणसाचा पूर्ववृत्तांत ठाऊक नसून कसें चालेल?

किनाऱ्याचा अभ्यास करतांना मच्छीमारांस गुरु मानावें. पंचांगांतील तिथीची पाऊणपट केली कीं भरतीची ढोबळ वेळ निघते, हें कोंकणच्या किनाऱ्यावरील जुनें गणित आहे. चतुर्थीस सुमारें तीन वाजतां भरती, अष्टमीस सहा वाजतां. अमावास्या-पौर्णिमेस उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. खाडीचा नमुना भरतीला घेतला कीं ओहोटीला, यानें परीक्षेचें उत्तर पार बदलतें. वेळ न लिहितां घेतलेला नमुना फेंकून द्यावा, तो पुरावा नव्हे. पाणी ऊन झालें कीं त्यांत प्राणवायु कमी विरघळतो : गोड्या पाण्यांत २० अंशांवर लिटरमागें सुमारें ९ मिलिग्रॅम, ३० अंशांवर साडेसात. म्हणून वेळेबरोबर उष्णताहि लिहावी. सातपाटीचें पापलेट प्रसिद्ध आहे. रुपेरी पापलेटास सप्टेंबर २०२३ मध्यें महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून मान मिळाला. परंतु अंडीं घालण्याच्या वयाला न पोंचलेलीं पिलें जाळ्यांत गेलीं, तर नुसत्या मानानें मासा वांचत नाहीं. हा विषय दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पास फार योग्य आहे; बंदरावर जावें, मासे मोजपट्टीनें मोजावे, विचारावें, लिहावें. आपल्या घरांत मासा शिजत नसला म्हणून त्याचें शास्त्र वर्ज्य होत नाहीं.

तिसऱ्या वर्षीं कायदा, पर्यावरणावरील परिणामांचें मूल्यमापन, घन कचरा व सांडपाण्याची व्यवस्था, ऊर्जा, आणि एक दीर्घ प्रकल्प. १९७४ चा जलप्रदूषण कायदा, १९८१ चा वायुप्रदूषण कायदा, १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, २००२ चा जैवविविधता कायदा व २००६ चा वनहक्क कायदा, एवढे मुळांतून वाचावे. परंतु कायदा कलमांनीं शिकूं नये, प्रकरणांनीं शिकावा. आणि त्यासाठीं फार दूर जावयास नको. शेजारचा डहाणू तालुका केंद्र सरकारनें २० जून १९९१ च्या अधिसूचनेनें पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून एक प्राधिकरण नेमलें गेलें. न्यायमूर्ति चंद्रशेखर धर्माधिकारी हे त्याचे अध्यक्ष होते. वाढवण येथें बंदर बांधण्याचा प्रस्ताव या प्राधिकरणानें १९९८ सालीं नाकारला. पुढें जुलै २०२३ मध्यें त्याच प्राधिकरणानें, निराळ्या अध्यक्षांच्या काळांत, नव्या आराखड्यास अटी घालून संमति दिली, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजीं पालघर येथें त्या बंदराचा पायाभरणी समारंभ झाला. प्रकल्पाचा खर्च ७६ हजार कोटींहून अधिक सांगितला आहे. विद्यार्थिनीनें हे कागद एकापुढें एक ठेवून वाचावे. एकच जागा, एकच अधिसूचना. पहिल्यानें नकार, मग होकार. मधल्या पंचवीस वर्षांत समुद्र बदलला, बंदराचा आराखडा बदलला, कीं आपली मोजण्याची फूटपट्टी बदलली? याचें उत्तर तिनें आधीं ठरवून येऊं नये. तें शोधतां येणें हीच तिसऱ्या वर्षाची परीक्षा.

दुसरें प्रकरण तारापूरचेंच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मापनांत तारापूरच्या औद्योगिक क्षेत्रास शंभरांपैकीं ९३.६९ अंक मिळाले. हे गुण परीक्षेचे नव्हेत. येथें अधिक अंक म्हणजे अधिक दूषण, सत्तरांच्या वर गेलें कीं स्थिति अतिगंभीर, आणि त्या यादींत तारापूर सर्वांत वर होतें. खाडी व समुद्र यांतील मासळीवर परिणाम झाल्याची तक्रार घेऊन अखिल भारतीय मांगेला समाज परिषद ही मच्छीमारांची संस्था राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली आणि जानेवारी २०२२ मध्यें लवादानें त्यावर निकाल दिला. हा निकाल रसायनशास्त्र शिकून मग वाचावा. पहिल्या वर्षींचा सी. ओ. डी. तिला तेथें पुन्हां भेटेल, आणि या वेळीं त्याच्या मागें माणसें उभीं दिसतील.

अशा शिक्षणाला या जिल्ह्यांत परंपरा आहे, हेंहि सांगणें जरूर आहे. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डीस बालशिक्षणाचें काम आरंभिलें. पुढें तें कोसबाडच्या टेकडीवर गेलें व अनुताई वाघ यांनीं तें वाढविलें. गुरें राखणारीं मुलें शाळेंत येऊं शकत नाहींत, तर शाळाच कुरणावर न्यावी, म्हणून त्यांनीं कुरणशाळा काढल्या. दगड, पानें, बिया व शिंपले हींच तेथील साधनें. लहान मुलांसाठीं जें साठ-सत्तर वर्षांपूर्वीं कोसबाडास करून दाखविलें, तें पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीं करावयास काय हरकत आहे? २००२ च्या कायद्याप्रमाणें गांवोगांवच्या जैवविविधता समित्यांनीं लोकांच्या माहितीवरून नोंदवही तयार करावयाची असते. तीन-चार विद्यार्थ्यांनीं एका ग्रामपंचायतीची ही वही मनापासून करून दिली, तर तिसऱ्या वर्षाचा प्रकल्पहि झाला व गांवाचें कामहि झालें.

आतां वडिलांची विवंचना. मी खोटी आशा दाखविणार नाहीं. केवळ पदवीच्या कागदावर मोठें वेतन मिळेल असा हा विषय नव्हे. परंतु पाण्याचें पृथक्करण, नकाशाविद्या, संख्याशास्त्र किंवा कायदा यांपैकीं कोणत्याहि एका अंगांत हात बसला, तर मार्ग मोकळे आहेत : कारखान्यांचे पर्यावरण विभाग, परिणामांचें मूल्यमापन करणाऱ्या संस्था, राज्याचें प्रदूषण नियंत्रण मंडळ, आणि पुढील शिक्षण घेतल्यास नागपूरची नीरी किंवा गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था यांसारखीं संशोधनस्थानें. म्हणून दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस एक अंग निवडावें व तिसऱ्या वर्षाचे ऐच्छिक विषय त्याच धोरणानें घ्यावे. पांच विषयांची चव घेऊन एकहि न पचविणें ही या पदवींतील सर्वांत मोठी चूक होय. मुलीनें खाडींत व रानांत कसें जावें, अशी काळजी वडील मंडळींस वाटेल. तीहि रास्त आहे. एकटीनें जाऊं नये, भरतीची वेळ पाहून जावें, गांवांतील जाणत्या माणसास सांगून जावें. हे नियम मुलग्यांनाहि लागू आहेत.

राहिला काकांचा प्रश्न. आणि खरा प्रश्न तोच आहे. माझें उत्तर असें. ज्याला आपण पर्यावरण म्हणतों, त्याचा पहिला वेढा खाडीला नसून कारखान्यांतील कामगाराला आहे. जी वाफ गळते ती प्रथम त्याच्या छातींत जाते. जो साठा पेटतो त्याच्या सर्वांत जवळ तोच असतो. नवापूर-मुरब्याचा मच्छीमार आणि बोईसरचा कामगार यांना एकमेकांचे वैरी मानण्याची चाल पडली आहे. वस्तुतः एकाच नळाच्या एका टोंकाशीं एक व दुसऱ्या टोंकाशीं दुसरा उभा आहे. मोजणारी विद्या या दोघांपैकीं कोणाचीहि दासी नाहीं. ती आज एखाद्या कारखान्यास दोष देईल, उद्यां एखाद्या निर्दोष कारखान्यावरचा खोटा आळ दूर करील. दोन्ही निकाल सारख्याच शांत मनानें लिहिण्याची ज्याची तयारी नाहीं, त्यानें या विषयाच्या वाटेस जाऊं नये.

तथापि मापनाचा कांटा एखाद्या दिवशीं आपल्याच उंबरठ्याशीं येऊन थांबणार नाहीं, असें आश्वासन मी देऊं शकत नाहीं. म्हणून प्रवेशापूर्वींच घरानें दोन गोष्टी ठरवून टाकाव्या. ज्या कारखान्यांत काका काम करतात, त्याचें मापन मुलीनें विद्यार्थिदशेंत करूं नये; न्यायाधीश आपल्या आप्ताचा खटला स्वतः चालवीत नाहीं, तोच हा न्याय. आणि तिनें इतरत्र जें मोजलें असेल, तें कोणाच्या सोयीसाठीं दडपावें, असें घरांतील कोणीहि तिला कधीं सांगूं नये. पहिली मर्यादा तिनें पाळावयाची, दुसरी वडील मंडळींनीं. हा करार ज्या घराला मान्य होईल, त्या घरानें मुलीस निःशंकपणें या शास्त्रास घालावें. ज्याला तो मान्य नसेल, त्यानें तिला आजच तसें स्पष्ट सांगावें. तीन वर्षें शिकवून मग तोंड दाबणें हा विद्येचा व मुलीचा, दोघींचाहि अपमान आहे.

शेवटीं व्यवहाराच्या दोन गोष्टी. प्रवेश घेण्यापूर्वीं काकांनीं मुलीसह स्वतः महाविद्यालयांत जावें आणि चार प्रश्न विचारावे : प्रयोगशाळेंत प्राणवायु व सी. ओ. डी. मोजण्याचीं साधनें चालू स्थितींत आहेत काय. क्षेत्रकार्याचे तास वेळापत्रकांत कोणत्या वारीं आहेत. गौण विषय म्हणून रसायनशास्त्र किंवा संख्याशास्त्र घेतां येतें काय. आणि मागील वर्षींच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प पाहावयास मिळतील काय? चौथ्या प्रश्नाचें उत्तर काय मिळतें त्यावर बाकीच्या तिहींची पारख होईल. दुसरी गोष्ट : पावसाळा तोंडावर असो वा नसो, पर्जन्यमापक आणि एक जाड पुठ्ठ्याची वही आजच घ्यावी. पहिल्या पानावर विहिरीचें स्थळ, कांठाची उंची व तारीख लिहून ठेवावी.

पुढील अंकीं वृद्ध मंडळींच्या वाचनाविषयीं व त्यांसाठीं घरांत कोणतीं पुस्तकें असावीं याविषयीं लिहिण्याचा विचार आहे.